नऊ आठवड्यांचं पिल्लू: शिकवायला आत्ताच लागायचं की लसी होईपर्यंत थांबायचं?

मांडवावरची_वेल

गोटीला घरी येऊन आज आठ दिवस झाले. नऊ आठवड्यांची आहे. गव्हाळ रंग, एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरायचंय. घरात मी, नवरा, शाळकरी मुलगा आणि सासूबाई. कुत्रं पाळायची आम्हा सगळ्यांचीच पहिली वेळ.

लसीचा पहिला डोस झालाय. डॉक्टर म्हणाले, सगळे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडू नका. म्हणजे चार महिन्यांची होईपर्यंत. आणि जिथे तिथे वाचते तर म्हणे माणसांची, आवाजांची, इतर प्राण्यांची सवय लहानपणीच लावा, नंतर जड जातं. दोन्ही एकदम जमवायचं कसं?

त्यात रविवारी मी घोळ घातला. सवय लावायची म्हणून बारा-तेरा जणांना एकदम घरी बोलावलं. प्रत्येकाने उचललं, मांडीवर घेतलं, मुलं मागे धावली. पहिली दहा मिनिटं शेपटी हलत होती. मग बाईसाहेब सोफ्याखाली. एका मुलाने मागचा पाय धरून बाहेर ओढलं तशी ती गुरगुरली. सगळे हसले, माझ्या पोटात मात्र गोळा आला. तेव्हापासून दाराची बेल वाजली की ती सोफ्याखाली पळते.

बाकी 'बस' म्हटलं की बसते, पण फक्त माझ्यासमोर आणि फक्त स्वयंपाकघरात. हाक मारली तर मर्जी असेल तर येते. संध्याकाळी सात वाजले की अंगात येतं, हात-पाय-पायजमा काही सोडत नाही. शू कुठेही. कुठून सुरुवात करू?

खारूताई

आधी गोटीला माझ्याकडून शाबासकी द्या, गुरगुरल्याबद्दल. खरंच सांगतेय. गुरगुरणं म्हणजे "पुरे आता" असं तिने सभ्यपणे सांगणं. त्याबद्दल रागावलं तर भीती तशीच राहते, फक्त सांगणं बंद होतं. मग पुढे एक दिवस 'काही न करता एकदम चावला' म्हणून लोक येतात. काही न करता क्वचितच कुणी चावतं. त्याच्या आधी जांभया येतात, ओठ चाटणं होतं, तोंड फिरवणं होतं, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसायला लागतो, शेपूट पोटाखाली जाते. रविवारी यातलं काय काय झालं होतं, आठवून बघा.

बेलचं काम आजच सुरू करा. बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. ती निवांत असताना अगदी हळू वाजवा, इतकी हळू की तिने फक्त कान हलवावा. वाजली की लगेच खाऊ. क्रम महत्त्वाचा: आधी बेल, मग खाऊ. उलटं झालं तर खाऊचा डबाच भीतीदायक वाटायला लागतो. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन दिवसांनी आवाज जरा वाढवायचा. सोफ्याखाली गेली तर आवाज जास्त झाला, मागे या. आणि सोफ्याखालून तिला कुणी म्हणजे कुणीही ओढायचं नाही. ती तिची जागा.

लंगडी_शिल्लक

तुम्ही सगळे कुत्र्यांना फार लाडावून ठेवता बुवा. आमच्या काकांकडे चार कुत्री होती. मालक कोण हे पहिल्या आठवड्यात दाखवून द्यायचं. आधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण जायचं, आणि दात दाखवले की मान धरून उलटं पाडायचं, दोन मिनिटं दाबून ठेवायचं. लांडग्यांच्या टोळीत मुख्य लांडगा हेच करतो.

चष्मेबहाद्दर

लंगडीराव, काकांबद्दल आदर आहेच, पण त्या लांडग्याची गोष्ट सांगतो. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांची निरीक्षणं १९४७ साली मांडली. ते होते कोंडलेले लांडगे. साहजिकच तिथे मारामाऱ्या होत्या, वरचढ-खालचढ होतं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकातून 'अल्फा', म्हणजे लढून वरचढ ठरलेला मुख्य लांडगा, हा शब्द जगभर गेला. मग १९८६पासून अनेक उन्हाळे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समीर बेटावर जंगली लांडग्यांचं कुटुंब जवळून पाहिलं. टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. आईबाप पुढे असतात कारण ते आईबाप असतात, कुस्ती जिंकले म्हणून नव्हे. १९९९ साली त्यांनी स्वतःच तसं लिहून 'अल्फा' बाजूला ठेवला. आता गोटी लांडगा नाही आणि आपणही नाही, ते वेगळंच.

नऊ आठवड्यांच्या पिल्लाला उलटं पाडून दाबलं तर ते एवढंच शिकतं की हे हात जवळ आले की जीव जातो. ते गप्प पडून राहतं ते घाबरून. आपल्याला वाटतं, ऐकलं.

आता मूळ प्रश्न. तुमचे डॉक्टरही बरोबर आहेत आणि तुम्ही वाचलेलंही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं, १९६५मध्ये ते प्रसिद्ध झालं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला नव्या गोष्टी 'जगात असतातच' म्हणून स्वीकारता येतात. त्यानंतर नवीन दिसलं की आधी संशय. हे दार एका दिवसात बंद होत नाही, चौदाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू लोटलं जातं. पण लसी संपतात सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. म्हणजे लसीची वाट बघत घरात बसलात तर नेमका तोच काळ गेला.

लस इतक्या वेळा का द्यावी लागते? आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिपिंडं लसीलाच निकामी करतात. ती कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा डोस. मधल्या काळात खरी भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणाऱ्या विषाणूची. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून जिथे इतर कुत्र्यांची ये-जा आहे ती जमीन वर्ज्य. जग वर्ज्य नाही.

कडेवर घेऊन फिरा. पिशवीत बसवा. गाडीची काच खाली करून वाहनं, सायकली, छत्र्या, टोपीवाले, काठीवाले, रांगणारी बाळं दुरून दाखवा. लसीकरण पूर्ण झालेल्या शांत, मोठ्या कुत्र्याच्या घरी न्या. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८मध्येच सांगितलंय की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू, पहिली लस आणि पहिलं जंतनाशक होऊन किमान सात दिवस झाले असतील तर स्वच्छ जागी भरणाऱ्या पिल्लांच्या वर्गाला जाऊ शकतं. तुमच्या भागात पार्व्होची साथ आहे का, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच.

खारूताई

+१. फक्त एक जोडते, कारण वेलताईंचा रविवार नेमका इथे फसला. सवय लावणं म्हणजे भेटवणं नव्हे. पिल्लाने माणूस बघितला, खाऊ खाल्ला, आणि पुढे निघाले दोघं, इतकं पुरतं. उलट प्रत्येकाला भेटायची सवय लागली तर मोठेपणी रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे ओढत नेतं. अंतर गोटीला ठरवू द्या. आपण उभं राहायचं, तिला पुढे जायचं असेल तर पट्टा सैल, मागे यायचं असेल तर आपणही मागे. कुणी हात लावायचा म्हटलं तर तीन सेकंद कुरवाळायचं आणि हात काढायचा. ती परत चिकटली तर पुढे. नाही चिकटली तर झालं.

भिडूचा_बाप

वाचतोय, आणि जरा पोटात कालवतंय. आमचा भिडू मार्च २०२०मध्ये आला. टाळेबंदीत. सगळे म्हणाले किती छान, चोवीस तास घरी आहात. होतो ना. सहा महिने एक पाहुणा नाही, एक लिफ्ट नाही, एक लहान मूल नाही. आणि एक मिनिट एकटेपणा नाही, मी बाथरूमला गेलो तरी दाराशी. 'बस', 'झोप', 'हात दे', 'गोल फीर' सगळं शिकवलं होतं. व्हिडिओ काढायचो. ऑफिस सुरू झालं त्या दिवशी त्याने दाराच्या चौकटीचं लाकूड नखांनी खरवडून काढलं, पंजे रक्ताळले होते. ते सुटायला दीड वर्ष लागलं.

म्हणून म्हणतो, 'हात दे' राहू द्या. आजपासून रोज दोन मिनिटं एकटी ठेवा. पोट भरलेलं, चघळायला काहीतरी, दार लोटलेलं. ती कुरकुरायच्या आत परत या. मग पाच मिनिटं. मग कधी तीन, कधी आठ. परत आलात की फार गाजावाजा नको.

लंगडी_शिल्लक

लांडग्याचं माहीत नव्हतं, मान्य. काकांची दोन कुत्री काका आले की कोपऱ्यात जायची, हे आत्ता आठवलं. पण चावण्याचं काय करायचं मग? ओवाळायचं का?

दूधभात_पेन्शनर

ओवाळू नका, झोपवा.

सात वाजता अंगात येणाऱ्या पिल्लांपैकी बरीचशी दमलेली असतात. या वयाचं पिल्लू दिवसाला अठरा-वीस तास झोपतं, म्हणजे झोपायला हवं. घरात मूल असेल तर त्याला कुणी झोपू देत नाही. तासभर जागी राहिली की आतल्या खोलीत अंधार करून टाका बघू दीड तास. आमच्या घरी निम्मं चावणं याने गेलं.

उरलेलं निम्मं दातांचं. दुधाचे अठ्ठावीस, सुईसारखे. तीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के येतात. तोवर हातात कायम चघळायचं खेळणं ठेवा आणि हात हे खेळणं नाही हे घरातल्या मोठ्यांना शिकवा. उशीखाली हात घालून 'पकड पकड' करणारा प्रत्येक घरात एक असतो. दात लागला की ओरडू नका, काही पिल्लं ओरडण्याने आणखी चेकाळतात. खेळ थांबवायचा, उठायचं, पंधरा-वीस सेकंद दुसरीकडे बघायचं. मग परत खेळ. दिवसातून तीसदा करावं लागेल.

शूचं सोपं आहे. उठली की, खाल्लं की, खेळून झालं की ठरलेल्या जागी न्यायचं. तिथेच उभं राहून, झाली की लगेच खाऊ. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात आल्याबद्दल मिळतो. भलतीकडे झाली तर नाक घासणं वगैरे प्रकार नकोत. गुपचूप पुसायचं, एन्झाइमवाल्या क्लीनरने. अमोनियावाल्याने पुसलं तर तिला ती जागा आणखी पटते.

शब्दखुळा

'बस' फक्त स्वयंपाकघरात का, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कुत्र्यांना शब्दाचा अर्थ आपल्यासारखा कळत नाही. 'बस' म्हणजे गोटीच्या हिशेबात: ओट्यासमोर, आई उभी, आईचा हात डब्याकडे, फरशी थंड. त्यातलं काही बदललं की धडा नवा. म्हणून प्रत्येक खोलीत, बसून, तिच्याकडे पाठ करून, घरातल्या दुसऱ्या माणसाने, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी लवकर येतं, पाचव्या वेळी लगेच.

आता माझा आवडता विषय. आपल्या घरांत आज्ञा फार गोंधळाच्या असतात हो. एक दिवस वही घेऊन बसा आणि घरातले सगळे पिल्लाला काय काय म्हणतात ते लिहा. आमच्याकडे निघालं ते असं: मी 'बस', बायको 'बैस', मुलगी 'सिट', आई 'बस गं बाई एका जागी'. शिवाय भुंकायला लागलं की सगळ्यांचं 'बस! बस झालं!' म्हणजे 'बस' म्हणजे बूड टेक आणि 'बस' म्हणजे पुरे. त्या जनावराने काय समजायचं?

त्याहून वाईट म्हणजे 'ये'. चप्पल तोंडात घेतली की आपण ओरडतो 'ए!' आणि दहा मिनिटांनी प्रेमाने म्हणतो 'ये!' मोठ्याने म्हणून बघा दोन्ही. लांबून तर फरकच कळत नाही. म्हणजे दिवसातून दहा वेळा ज्या आवाजाने तिला दचकवलं, त्याच आवाजाने तिला जवळ बोलावतोय. मग 'मर्जी असेल तर येते' यात नवल काय?

उपाय: बोलावायला असा शब्द घ्या जो घरात दुसऱ्या कशासाठी वापरत नाही. आम्ही 'इकडे' घेतला. आणि तो शब्द उच्चारून बोलावल्यावर नावडतं काही म्हणजे काहीही करायचं नाही. आंघोळ, नखं कापणं, खेळातून उचलून घरी आणणं यासाठी आपण जाऊन तिला घ्यायचं. शब्द एकदाच उच्चारायचा. पाच वेळा 'बस बस बस बस बस' म्हटलं की ती शिकते, पाचव्याला बसायचं असतं.

आणि शाबासकी लगेच, एका सेकंदाच्या आत. ती बसली, तुम्ही खिशात हात घातला, पिशवी उघडेना, तोवर ती उठून उडी मारतेय आणि खाऊ मिळाला. काय शिकली? उडी. म्हणून 'छान!' असा एक छोटा शब्द ठरवा, बूड टेकल्या क्षणी तो, मग शोधा निवांत खाऊ. क्लिकर म्हणजे टक् असा आवाज करणारी डबी मिळते, तिचं तत्त्वही हेच. खाऊ नखाएवढा, दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत. रोजचंच खाणं थोडं बाजूला काढून वापरलं तर उत्तम. एका वेळी दोन-तीन मिनिटं बास.

(हे 'बास' बघा. आणखी एक.)

मांडवावरची_वेल

शब्दखुळा, वही केली. नवरा: सिट, बस, बसतेस का. मुलगा: सिट सिट सिट. सासूबाई: खाली टेक गं. आणि 'ए' मी स्वतः एका संध्याकाळी चौदा वेळा म्हटलं. मुलगा काड्या मारत होता, म्हणून आकडा खात्रीचा.

चष्मेबहाद्दर

वेलताई, अजून एक काम याच वयातलं. रोज एकदा पंजा हातात घ्या, कान उचला, ओठ वर करून दात बघा, शेपटीखाली बघा. एक अवयव, एक खाऊ. कधी रिकाम्या पोटी, नुसतं वजन करायला दवाखान्यात न्या आणि खाऊ देऊन परत आणा. सुई नसलेली भेटही असते हे तिला कळू दे. आणि तिच्या तोंडात काही असेल तर हिसकावू नका. त्याहून चांगलं काही नाकासमोर धरा, 'सोड' म्हणा, सुटलं की ते द्या. जमलं तर पहिलीही वस्तू परत द्या. हिसकावत राहिलात की ती गिळायला शिकते.

मांडवावरची_वेल

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व. बारा आठवड्यांची झाली.

आधी अपयश. वाहनं दाखवायला कडेवर नेलं तर मी पहिल्याच दिवशी थेट चौकात जाऊन उभी राहिले. थरथरायला लागली, खाऊसुद्धा नाकारला. खारूताई, अंतराचं तुमचं वाक्य आठवलं. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या आतच थांबलो, जिथून हॉर्न फक्त ऐकू येतात. तिथे खाल्ला. रोज चार-पाच पावलं पुढे. परवा चौकात माझ्या कडेवर तिने चक्क जांभई दिली. मी घाबरले, पण खारूताईंच्या यादीतली ती जांभई नव्हती. कान सैल, डोळे मिटत आलेले, झोप आली होती तिला.

बेल: मोबाईलवरची आता पूर्ण आवाजात चालते. खरी वाजली की अजूनही सोफ्याकडे निघते, पण मध्येच थांबून माझ्याकडे बघते. परवापासून पाहुण्यांना दारातच सांगतोय, तिच्याकडे बघू नका, बसा, चहा घ्या. आमच्या थोरल्या नणंदेला जरा लागलं ते. पण वीस मिनिटांनी गोटी आपणहून येऊन त्यांची साडी हुंगून गेली.

संध्याकाळची झोप लागू झाली. दूधभातकाका, तुमचे उपकार. पायजमे वाचले.

लंगडी_शिल्लक

आम्हीही पुढच्या महिन्यात आणतोय. धागा सेव्ह केलाय. काकांना काही सांगितलं नाही.

भिडूचा_बाप

लंगडीराव, आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नका. जोरात चावलं की भावंडं खेळ टाकून निघून जातात, जबडा किती आवळायचा हे तिथेच कळतं. आणि वेलताई, सहा-सात महिन्यांत एक दिवस सगळं विसरल्यासारखं करेल. तो वयाचा भाग. भिंतीवर चढू नका, पट्टा लांबडा घ्या आणि सोपा धडा परत करा.

शब्दखुळा

'इकडे'चं काय झालं ते सांगा की.

मांडवावरची_वेल

'इकडे' आम्ही तिघं इमानेइतबारे म्हणतोय. दहातल्या सात वेळा येते. सासूबाईंनी मात्र ठाम नकार दिला, "मी नाही बाई हुकूम सोडणार". त्या पलंगावर बसून नुसतं "गोटाबाई" म्हणतात. ती कुठेही असली, काहीही करत असली, अगदी चप्पल टाकून धावत जाते. पहिल्यांदा मला रागच आला. मग लक्षात आलं, आंघोळ मी घालते, कान मुलगा पुसतो, नखं नवरा कापतो. सासूबाईंनी तिला बोलावून आजवर फक्त मांडीवर घेतलंय.

कालपासून आम्हीही 'गोटाबाई' म्हणतोय. सासूबाईंची परवानगी काढून.